बाळाचे डोस वेळेवर कसे पूर्ण करायचे: सांगली-साताऱ्यातल्या नव्या आईवडिलांसाठी

पहिलं बाळ झालेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "द्यायचीच आहे की लस, पण थोडं अंग धरू दे." लसच नको म्हणणारं घर वाळवा-तासगावपासून कोरेगाव-पाटणपर्यंत क्वचित सापडेल. उशीर करणारी घरं मात्र गल्लोगल्ली आहेत. कुठे द्राक्षाची छाटणी आडवी येते, कुठे गावची जत्रा, कुठे बाळाला सर्दी असते. मग दीड महिन्याचा डोस तिसऱ्या महिन्यात जातो आणि नवव्या महिन्याचा डोस पहिल्या वाढदिवसानंतर. हा लेख अशा घरांसाठी आहे.

आधी तारखा अशाच का ठरल्या ते समजून घ्या. जन्मताना बाळ आईच्या रक्तातली थोडी प्रतिकारशक्ती सोबत घेऊन येतं आणि पुढच्या महिन्यांत ती ओसरत जाते. डांग्या खोकल्याविरुद्धची शक्ती फार लवकर संपते. हा आजार मोठ्या माणसाला आठवडेच्या आठवडे खोकवतो, पण दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास थांबवू शकतो. म्हणून त्याची पहिली लस दीड महिन्यालाच ठेवली आहे. गोवराचं उलटं आहे. आईकडून आलेली गोवराविरुद्धची शक्ती बरेच महिने टिकते आणि तोवर लस दिली तर ती लसीलाच निष्प्रभ करते. म्हणून नऊ महिने पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि पूर्ण झाले की रेंगाळायचं नाही. अंग धरेपर्यंत थांबणं म्हणजे बाळाचे सगळ्यात नाजूक महिने त्याला उघड्यावर ठेवणं.

बाळ यायच्या आधी

पहिली लस बाळाची नसते, आईची असते. दिवस गेल्याचं कळल्यावर लवकरात लवकर टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचं) इंजेक्शन घ्यायचं आणि चार आठवड्यांनी दुसरं. त्याने आई आणि नवजात बाळ दोघांनाही धनुर्वातापासून संरक्षण मिळतं. आधीच्या बाळंतपणात दोन्ही घेतली असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर एकच पुरतं.

उपकेंद्रात नाव नोंदवलं की माता-बाल सुरक्षा कार्ड मिळतं. बाळाच्या लसी याच कार्डावर लिहिल्या जातात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, आणि घोळ नेमका तिथेच होतो. सासर कोरेगावला, माहेर जतला, कार्ड सासरी कपाटात आणि बाळ जतच्या दवाखान्यात. सातव्या महिन्यात माहेरी जाताना साडी-चोळीच्या पिशवीत हे कार्ड आधी घाला. माहेरी पोचल्यावर तिथल्या आशाताईंना नाव सांगा, म्हणजे त्यांच्या यादीत बाळ येईल. सासरच्या आशाताईंनाही कळवा, नाहीतर त्या इकडे तुमची वाट बघत बसतात.

दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी

जन्मल्यावर तीन लसी असतात: बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचे दोन थेंब आणि हिपॅटायटीस बी. यातली तिसरी घड्याळाशी बांधलेली आहे, ती 24 तासांच्या आत द्यायची. आईच्या रक्तात हा विषाणू असेल तर प्रसूतीच्या वेळी तो बाळात शिरतो आणि त्या वयात संसर्ग झालेल्या सुमारे 90 टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. पुढे तीस-चाळीस वर्षांनी यकृत खराब होतं ते त्यामुळे. मोठ्या माणसाला हाच संसर्ग झाला तर बहुतेकांचं शरीर तो परतवून लावतं. एका दिवसाचा फरक एवढा मोठा असू शकतो.

पोलिओचा हा पहिला डोस 15 दिवसांच्या आत देता येतो. बीसीजी शक्य तितक्या लवकर. बीसीजीच्या एका बाटलीतून दहा बाळांना लस देता येते आणि एकदा कालवली की ती चार तासांतच वापरावी लागते, त्यामुळे काही छोट्या दवाखान्यांत 'अमुक वारी या' असं सांगतात. तसं सांगितलं तर तो वार कागदावर लिहून घ्या. बाळाला अंघोळ, पाहुणे, नाव काय ठेवायचं या गडबडीत तो विसरतोच.

डिस्चार्ज घेताना कार्डावर तिन्ही लसींपुढे तारीख आहे का, हे बाळाच्या वडिलांनी स्वतः वाचून बघावं. आईला त्या दिवशी बसवतही नसतं.

तारखा स्वतः काढा

हे काम नर्सबाईंवर सोडू नका, घरी कॅलेंडर घेऊन बसा. पुढचे तीन डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात, म्हणजे 42, 70 आणि 98 दिवसांनी. बाळ ज्या वारी जन्मलं त्याच वारी हे आठवडे पूर्ण होतात, त्यामुळे हिशोब चुकत नाही. समजा, 10 नोव्हेंबरला बाळ झालं. मग दीड महिन्याचा डोस 22 डिसेंबरला, अडीच महिन्याचा 19 जानेवारीला आणि साडेतीन महिन्याचा 16 फेब्रुवारीला पात्र होतो. नववा महिना 10 ऑगस्टला पूर्ण होईल आणि सोळावा त्याच्या पुढच्या वर्षीच्या 10 मार्चला. तुमच्या गावातलं लसीकरण सत्र ठरलेल्या वारी असतं. प्रत्येक तारखेनंतर येणारं पहिलं सत्र हा तुमचा दिवस. आधी जाऊ नका, सहा आठवड्यांच्या आत दिलेला डोस हिशोबात धरत नाहीत.

आणि सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही, ही रीत पाळणाऱ्या सासूबाई असतील तर वाद घालायची गरजच नाही. सव्वा महिना संपतो आणि त्यानंतर दीड महिन्याच्या डोसाची तारीख येते. रीतही राहते, डोसही होतो.

साताऱ्याकडे पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर सत्र रोज उठून होत नाही आणि पावसाळ्यात वाट बंद होते. तिथल्या आईवडिलांनी जून ते सप्टेंबरमधल्या तारखा आधीच काढून ठेवाव्यात आणि आशाताईंना विचारून त्या आठवड्यात खाली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावी नातेवाईकांकडे मुक्काम करायचा का, ते ठरवावं.

सत्राच्या दिवशी

लवकर जा. कार्ड न्या. बाळाला सैल झबलं घाला, म्हणजे दंड आणि मांडी पटकन मोकळी होते. पाजून नेलं तरी चालतं आणि लसीनंतर लगेच अंगावर पाजलं तरी चालतं. पोलिओच्या आणि रोटाच्या थेंबांनंतर दूध द्यायचं नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दीड महिन्याला पाच गोष्टी होतात. तोंडात पोलिओचे आणि रोटाचे थेंब, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही आणि उजव्या दंडावर पोलिओची बारीकशी सुई. पेंटा एका सुईत पाच आजार अडवते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटीस बी आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर. पीसीव्ही दुसऱ्या एका जंतूच्या न्यूमोनियाविरुद्ध आहे, रोटा जुलाबाविरुद्ध. अडीच महिन्याला पेंटा आणि दोन्ही थेंब एवढंच असतं. साडेतीन महिन्याला पुन्हा पाचही.

तीन सुया एकदम बघून आजीचा जीव कळवळतो. "दोन द्या, एक पुढच्या वेळी," अशी विनवणी सत्रात हमखास ऐकू येते. आजींना एवढंच सांगा, की रडणं एकदाचंच होऊ दे. तीन लसी एका दिवशी दिल्याने शरीरावर ताण येत नाही. बाळ रांगायला लागलं की एका तासात याहून कितीतरी जास्त जंतू तोंडात घालतं. मागे ठेवलेली सुई मात्र महिनोन्महिने मागेच राहते.

सर्दी, थोडा खोकला, अंग कोमट, दात येणं, दोनतीन पातळ शी होणं यातलं काहीही लस थांबवण्याचं कारण नाही. बाळ कमी वजनाचं असेल किंवा दिवस भरायच्या आत जन्मलं असेल, तरीही तारखा जन्मतारखेवरूनच धरायच्या. उलट अशाच बाळाला संरक्षणाची घाई जास्त असते. थांबायचं ते बाळ खरंच आजारी असेल तेव्हा: जोराचा ताप, दूध न पिणं, दवाखान्यात भरती. मागच्या डोसानंतर झटका आला असेल किंवा अंगावर मोठी रिअ‍ॅक्शन उठली असेल, तर ते सुई टोचण्याआधी सांगा.

लसीच्या बाटलीवर एक छोटं चिन्ह असतं, गोलात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. तो गोलाइतका गडद झाला असेल तर लसीला उष्णता लागली आहे, ती वापरत नाहीत. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि जिल्ह्याच्या साठ्यापासून तुमच्या अंगणवाडीच्या ओसरीपर्यंत त्या बर्फाच्या पेटीतून येतात. ते चिन्ह बघू द्या म्हणालात तर नर्सबाई आनंदाने दाखवतात, अनुभव घेऊन बघा.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. क्वचित एखाद्या बाळाला लगेच तीव्र अ‍ॅलर्जी उठू शकते आणि त्याचं औषध सत्रातच असतं. निघताना विचारा: आज काय दिलं, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती.

त्या रात्री

पेंटानंतर ताप येणं, सुईची जागा लाल होणं, सुजणं, बाळ किरकिरं होणं, हे एकदोन दिवस चालतं. ताप आला म्हणजे लस बाधली, असं नाही. शरीर काम शिकतंय.

तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, आणि त्यात एक धोका आहे जो प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीत 100 मिलीग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या 5 मिलीत 120 किंवा 125 मिलीग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स खूपच तीव्र असतात. सिरपचा चमचा समजून ड्रॉप्स चमचाभर दिले तर बाळाला चौपट औषध जातं. बाळाच्या वजनाप्रमाणे किती आणि कशातून द्यायचं, ते नर्सबाईंकडून मिलीमध्ये लिहून घ्या आणि मोठ्या भावंडाची बाटली वापरू नका. अ‍ॅस्पिरिन तर कधीच नाही.

सुजेवर हळद, तेल, गरम शेक नको. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं ठेवा. बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या बाईंना आठवणीने सांगा, की कुठली मांडी चोळायची नाही. अंघोळ चालते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, कधी फुटतो, मग खपली धरते आणि व्रण राहतो. तो तसाच असू द्या, वर काही लावू नका. व्रण उमटला नाही तरी लस पुन्हा घ्यायची नसते.

बाळ तीन तासांहून जास्त न थांबता किंचाळत राहिलं, झटका आला, अंग लुळं पडून फिकट झालं, श्वासाला त्रास झाला, किंवा ताप औषधानेही उतरेना, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. असं फार क्वचित होतं, पण माहीत असलं पाहिजे.

नववा महिना

सगळ्यात जास्त बाळं निसटतात ती इथे. साडेतीन महिन्यांनंतर साडेपाच महिने काहीच नसतं, बाळ खेळतं-हसतं, कार्ड कपाटात तळाला जातं. आणि याच डोसात गोवर आहे.

गोवराला आपल्याकडे अजून बरीच घरं देवीचं येणं मानतात. लिंबाचा पाला ठेवतात, बाहेरचं अन्न बंद करतात, दवाखाना टाळतात. ही श्रद्धा ज्यांची आहे त्यांच्याशी मी भांडत नाही. पण गोवर हा हवेतून पसरणारा विषाणू आहे आणि त्याच्याइतके झपाट्याने पसरणारे आजार फार थोडे आहेत: लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णाकडून 12 ते 18 जणांना तो होऊ शकतो. पुरळ आठवड्यात जातं, मागून न्यूमोनिया येतो, जुलाब येतात, डोळे जातात, मेंदूला सूज येते. शिवाय इतर आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्ती गोवर पुसून टाकतो, त्यामुळे गोवर बरा झालेलं मूल पुढचे अनेक महिने सारखं आजारी पडत राहतं. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात, मालेगावात आणि भिवंडीत गोवर पसरला, लहान मुलं दगावली. पुण्या-मुंबईची एसटी सांगली-साताऱ्यात रोज येते, विषाणूला तेवढं पुरतं.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआरचा (गोवर-रुबेलाच्या लसीचा) पहिला डोस उजव्या दंडात, पीसीव्हीचा बूस्टर (आधीच्या डोसांना बळ देणारा डोस) मांडीत, पोलिओची तिसरी बारीक सुई डाव्या दंडावर आणि जीवनसत्त्व अ चं औषध 1 मिली तोंडात. या वयात दिलेल्या एमआरने 100 पैकी साधारण 85 बाळांना गोवरापासून संरक्षण मिळतं. उरलेल्यांसाठी दुसरा डोस आहे. तो न घेणं म्हणजे आपलं बाळ त्या पंधरांत नसेल, असं धरून चालणं. एमआरनंतरचा ताप लगेच येत नाही, साधारण आठवड्याभराने येतो, कधी हलकं पुरळही उठतं. ते आपोआप जातं.

तारीख चुकली तर

लाजू नका, पुढच्याच सत्राला जा. मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथे थांबली तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. नर्सबाई रागावतील ही भीती बाळाच्या आड येऊ देऊ नका.

मात्र काही दारं बंद होतात. सरकारी कार्यक्रमात बीसीजी, पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांची सुरुवात पहिल्या वाढदिवसाच्या आतच करता येते. वर्ष उलटल्यावर पेंटाच्या जागी ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांची लस) देतात, रोटा मिळत नाही. एमआर आणि पोलिओ पाच वर्षांपर्यंत देतात. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंब हे जादाचे असतात, त्यामुळे ठरलेला डोस झाला असं होत नाही.

गाव सोडून जाताना

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत माणसं सतत हलत असतात. गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माण-खटाव-आटपाडीची मेंढरं घेऊन कुटुंबं फिरतीवर जातात, विटा-खानापूरची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) घरं तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेली आहेत. या सगळ्यांना सांगायचं ते एकच. सरकारी लस देशात कुठेही फुकट मिळते आणि त्यासाठी रहिवासाचा दाखला लागत नाही. वेळापत्रकही सगळीकडे जवळपास हेच आहे, काही जिल्ह्यांत एखादी लस जास्त असते. कोप्यांवर राहणाऱ्या आयांनी कारखान्याच्या गावातल्या आशाताईंना गाठावं. आणि ज्यांच्या फडात ही टोळी आहे त्या शेतकऱ्यानेही मुकादमाला विचारावं, की टोळीत किती लहान मुलं आहेत आणि त्यांचे डोस कुठवर आलेत.

कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून आईच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही फोनवर ठेवा. यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या पोर्टलवर मोबाईल नंबराने नोंदणी करून घेतली तर प्रमाणपत्र कुठूनही काढता येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत कृष्णेचं पाणी सांगलीवाडी, भिलवडीच्या घरांत शिरलं, तेव्हा कागद वाचवायला सवड कुणाला होती? मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी.

सरकारी की खासगी

दोन्हीकडे चालेल, पण कार्ड एकच ठेवा. सरकारी लस हलकी असते हा समज खोटा आहे. खासगीत 'कमी तापाची' लस मिळते ती डांग्या खोकल्याच्या घटकात वेगळी असते. ताप कमी येतो हे खरं, पण तिचं संरक्षणही लवकर ओसरतं. माझं मत विचाराल तर सरकारी पेंटाच घ्या आणि वाचलेले पैसे कार्यक्रमात नसलेल्या लसींसाठी, जसं टायफॉइड किंवा कांजण्या, बालरोगतज्ज्ञांना विचारून वापरा.

दीड वर्ष आणि पुढे

16 ते 24 महिन्यांत एमआरचा दुसरा डोस, ट्रिपलचा बूस्टर, पोलिओचे थेंब आणि जीवनसत्त्व अ 2 मिली. मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ, मिळून नऊ डोस. अंगणवाडीत ते देतात तेव्हा मूल घरी ठेवू नका.

पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, पहिलीत घालताना, ट्रिपलचा दुसरा बूस्टर. हा फार जण विसरतात आणि घटसर्प मग शाळेतल्या मुलांत डोकं वर काढतो. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. ते बऱ्याचदा शाळेतच देतात आणि संमतीचा कागद दप्तरातून घरी येतो. त्यावर सही करताना जुनं कार्ड काढा आणि ती तारीखही त्यात लिहून ठेवा.